पवनचक्कीचं पातं सादळतं का?

धुळ्याहून सुरतेकडे जाताना साक्री आलं, किंवा साक्रीहून निजामपूर-जैताणे करत नंदुरबारकडे वळलं, की डोंगरांच्या माथ्यावर पांढऱ्या पवनचक्क्या दिसायला लागतात. ब्राह्मणवेलचा हा परिसर महाराष्ट्रातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांपैकी एक. गाडीतली पोरं इथे पवनचक्क्या मोजायला लागतात आणि हमखास भांडतात, कारण वळण आलं की मोजलेली चक्की पुन्हा समोर उभी. आज मोजणी राहू द्या. मला एवढंच सांगा, ते पातं कशाचं असेल?

लोखंडाचं? नाही. अ‍ॅल्युमिनिअमचं? तेही नाही. प्लास्टिकचं? आता जरा जवळ आलात. त्या पात्याचं बरंचसं वजन काचेचं असतं.

हो, काचेचंच. खिडकीला चेंडू लागला की जिचे तुकडे होतात आणि मग शेजारच्या काकू ज्याबद्दल घरी येऊन तक्रार करतात, त्याच जातीच्या काचेचं. फक्त तिची तावदानं नसतात, धागे असतात. काच वितळवायची, प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या भांड्याला शेकडो बारीक भोकं पाडायची आणि त्यातून ती भराभर ओढून काढायची. धागा निघतो तो १० ते २० मायक्रॉन जाडीचा. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे चार-पाच धागे शेजारी शेजारी मावतील.

आणि इथे गंमत आहे. काच मुळात कमकुवत नसते, तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. ताण आला की त्यातली सगळ्यात मोठी चीर धावत सुटते. १९२०च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने काचेचे धागे ओढून ओढून तोडून पाहिले. धागा जितका बारीक, तितका आकाराच्या मानाने तो मजबूत निघाला. बारीक धाग्यात मोठी चीर मावणारच कुठे?

पण नुसत्या धाग्यांचं पातं होत नाही, दोरखंड होतो. म्हणून धाग्यांचं कापड साच्यात अंथरायचं आणि त्यात रेझिन मुरवायचं. रेझिन म्हणजे घट्ट होणारी राळ. पात्यांमध्ये बहुतेक वेळा इपॉक्सी नावाची राळ असते. फुटलेली नळी बुजवायला घरी एम-सील आणतात ना, दोन रंगांच्या कांड्या एकत्र मळायच्या? ती याच कुळातली. राळ धाग्यांना जागेवर धरून ठेवते, ताण एका धाग्याकडून दुसऱ्याकडे पोचवते. ओढ सोसायची धाग्यांनी, धरून ठेवायचं राळेने. अशा जोडीदार पदार्थाला कॉम्पोझिट म्हणतात, मराठी पुस्तकांत संमिश्र.

खानदेशात ही युक्ती नवी नाही. जुन्या गावठाणातली धाब्याची घरं पाहिलीत का? जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचंच सपाट छप्पर. भिंतीची माती तुडवताना तिच्यात गव्हाचा भुसा, काड घालतात. नुसती माती वाळली की तडकते, काड असलं की तडा पुढे सरकत नाही. आणि दर पावसाळ्याआधी धाब्यावर पुन्हा खारी माती टाकायची, हेही तुमच्या आजोबांना ठाऊक आहे. ज्या पदार्थात धागे आणि त्यांना धरणारा चिकटा अशी जोडी असते, त्याची पाण्याशी काळजी घ्यावी लागते. मातीच्या भिंतीची घ्यावी लागते, तशी पात्याचीही.

"पण पातं तर गुळगुळीत असतं! पाणी आत शिरेल कुठून?"

हाच प्रश्न मला हवा होता. पाणी फटीतून शिरतंच, पण फट नसली तरी शिरतं. पाण्याचा एक रेणू इतका चिमुकला, की एका मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे ३५ लाख रेणू ओळीने बसतील. राळ आपल्याला सलग दिसते. रेणूच्या मापाने पाहिलं तर ती गुंतलेल्या साखळ्यांचं जाळं असते आणि जाळं म्हटलं की मध्ये मोकळी जागा आली. त्यात इपॉक्सीच्या साखळ्यांवर अशी ठिकाणं असतात, जिथे पाण्याच्या रेणूंना चिकटून बसायला आवडतं. नुसत्या इपॉक्सीचा तुकडा पाण्यात महिनोन्‌महिने ठेवला, तर त्याचं वजन दोन-चार टक्क्यांनी वाढू शकतं. धागे असतील तर कमी, कारण काच स्वतः पाणी पीत नाही.

पाणी आत बसलं की काय होतं? ज्वारीचे बिबडे आठवा. भाजलेला बिबडा कुरकुरीत असतो. पावसाळ्यात ताटात तासभर उघडा राहिला, की सादळतो. मोडत नाही, वाकतो. हवेतलं पाणी त्याच्यात शिरलेलं असतं. अगदी तसंच राळेचं होतं. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये घुसतात, साखळ्या एकमेकींवरून जरा सहज घसरायला लागतात, पदार्थ थोडा फुगतो आणि थोडा मऊ पडतो.

राळेचा एक स्वभाव लक्षात ठेवा. तिचं एक ठरावीक तापमान असतं, त्याच्या खाली ती कडक आणि त्याच्या वर रबरासारखी. कोरड्या इपॉक्सीत हे तापमान चांगलं वर असतं. पण तिच्या वजनाच्या १ टक्का पाणी आत गेलं, की ते साधारण २० अंशांनी खाली उतरतं. हा ढोबळ नियम आहे, राळ बदलली की आकडा बदलतो. तरी मतलब समजला ना? भर उन्हात कडक राहायला हवी ती राळ, ओली असेल तर कमी उष्णतेतच ढिली पडते. पाण्याने उष्णतेचं काम सोपं केलं.

उष्णताही परतफेड करते. १८५५ मध्ये अ‍ॅडॉल्फ फिक या जर्मन माणसाने एक पदार्थ दुसऱ्यात कसा झिरपत जातो याचा नियम मांडला. फिक पेशाने शरीरशास्त्रज्ञ, तेव्हा नुकता पंचविशीतला, आणि प्रयोग केला तो मीठ आणि पाण्याचा. (याच्याच नावाच्या पुतण्याने पुढे डोळ्यांवर बसवायची काचेची लेन्स बनवली. घरच हुशार!) त्या नियमातून निघणारा एक हिशेब असा: पाण्याला दुप्पट खोल जायचं असेल, तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. समजा, एक मिलिमीटर जायला एक महिना लागला, तर दोन मिलिमीटरला चार महिने आणि दहा मिलिमीटरला शंभर महिने, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. जाड वस्तू म्हणूनच लवकर भिजत नाहीत. पण हा हिशेब एकाच तापमानाचा. तापमान चढलं की साखळ्यांची थरथर वाढते, मोकळ्या जागा उघडझाप करतात आणि पाण्याला भराभर वाट मिळते. उष्णतेने पाण्याचं काम सोपं केलं.

म्हणून कॉम्पोझिटवर काम करणारी माणसं नुसत्या उन्हाला फारशी भीत नाहीत, नुसत्या पावसालाही नाही. ऊन आणि ओल एकदम आली, की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात.

आता मूळ प्रश्नाकडे. सादळलेला बिबडा पुन्हा तव्यावर टाकला तर कुरकुरीत होतो. मग ओलं झालेलं पातं मे महिन्याच्या उन्हात वाळून पुन्हा पहिल्यासारखं व्हायला काय हरकत आहे? जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते, की आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. ओला टॉवेल बघता बघता वाळतो. पात्यातलं पाणीही खरंच बाहेर पडतं. वजन उतरतं, फुगवटा ओसरतो, राळ पुन्हा कडक होते.

पण बिबड्यात धागे नसतात, पात्यात असतात. आणि खरी खोड तिथेच आहे.

काच आणि राळ या मुळात एकमेकींना न चिकटणाऱ्या. म्हणून कारखान्यात काचेच्या धाग्यावर आधी एका रसायनाचा अतिशय पातळ थर देतात. त्याचं नाव सिलेन. त्याच्या रेणूचं एक टोक काचेला जोडलं जातं, दुसरं राळेला. सगळ्या पात्याची ताकद या न दिसणाऱ्या जोडावर उभी असते. तिथे पाणी पोचलं, की ते हे जोड एकेक करून सोडवायला लागतं. शिवाय काचेतले काही घटक पाण्यात विरघळून बाहेर येतात आणि धाग्याच्या गुळगुळीत अंगावर खड्डे पडतात. ग्रिफिथच्या चिरा आठवल्या? धागा आता पहिल्यासारखा निर्दोष राहिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उडून गेलं तरी सुटलेले जोड बहुतेक सुटलेलेच राहतात. पातं वाळलेलं असतं, वजन पहिल्याइतकंच असतं, ताकद मात्र तेवढी नसते. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात लबाड गोष्ट हीच. तराजू म्हणतो सगळं ठीक आहे.

त्या जोडावर आणखी एक संकट असतं. तापवल्यावर काच आणि इपॉक्सी दोन्ही प्रसरण पावतात, पण सारख्या नाही. एक मीटर लांबीची काचेची कांडी ३० अंशांनी तापवली, तर ती जेमतेम ०.१५ मिलिमीटर लांबते. तेवढीच इपॉक्सीची कांडी लांबते दीड मिलिमीटर, म्हणजे दहापट. आता या दोघी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आहेत असं धरा. राळेला लांबायचंय, काच लांबू देत नाही. ओढाताण नेमकी जोडावर. धुळ्यात थंडीच्या कडाक्यात पारा कधी पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो आणि उन्हाळ्यात चाळिशी केव्हाच ओलांडतो. वर्षाचा हा मोठा हेलकावा, शिवाय रोजचा दिवस-रात्रीचा छोटा हेलकावा. वीस वर्षांत रोजचे हेलकावे किती झाले, ते तुम्हीच काढा.

मग कोकणातलं पातं लवकर खराब होईल की खानदेशातलं? मला वाटतं हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कोकणात ओल वर्षातले बरेच महिने मुक्कामाला असते, पण उष्णता बेताची. खानदेशात उष्णता जबर, पण ती कोरडी. आपल्याकडे धोक्याचे दिवस जूनच्या आसपासचे. माळ तापलेला असतो, पहिला पाऊस पडतो आणि वाफा निघतात. शाळा सुरू व्हायच्या वेळचे ते चिकट, घामाचे दिवस आठवा. बाकी वर्षभर आपलं कॉम्पोझिट ओलं होतं, वाळतं, पुन्हा ओलं होतं. फुगणं आणि आकसणं यांचे असे फेरेही बारीक भेगा पाडतात.

आणि पात्याला पाऊस नुसता भिजवत नाही, झोडपतो. जुन्या पिढीतल्या पवनचक्कीचं पातं साधारण ३० मीटर लांब. शाळेच्या मैदानावर तीस मोठ्या ढांगा टाकून पाहा म्हणजे अंदाज येईल. लांबून ते किती सावकाश फिरताना दिसतं! हिशेब करू. टोकाच्या एका फेरीचं अंतर सुमारे १८८ मीटर. मिनिटाला २० फेरे धरले, तर मिनिटात ३,७६० मीटर आणि तासात सव्वादोनशे किलोमीटर. या वेगाने समोर आलेला पावसाचा थेंब मऊ राहत नाही. पात्याची पुढची कड तो हळूहळू कुरतडतो, वरचा रंगाचा थर उडतो आणि आतले धागे उघडे पडतात. पाण्याला आता रेणूएवढ्या वाटेची गरजच नाही, दारच उघडलं. म्हणून त्या कडेवर खास पट्टी किंवा लेप लावतात आणि दोरावर लटकून माणसं त्याची डागडुजी करतात. पात्याच्या पोटात काही ठिकाणी बाल्सा नावाचं अतिशय हलकं लाकूडही असतं, बरंचसं दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमधून आलेलं. तिथवर पाणी गेलं तर ते कुजतं.

पात्याच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, हे मला समजलं तेव्हा फार आवडलं. पातं आतून पोकळ. आत ओल धरली, तर फिरताना ते पाणी टोकाकडे फेकलं जातं आणि भोकातून निघून जातं. भोक चोंदलं आणि नेमकी वीज पडली, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, वाफेला जागा पुरत नाही आणि पातं उकलतं. उष्णता आणि ओल यांचं एरवी वर्षानुवर्षं चालणारं काम तेव्हा एका क्षणात उरकतं.

पवनचक्कीजवळ जाता येणार नाही, जायचंही नाही. पण हा सगळा प्रकार जवळून पाहायला गावातली बाग पुरे आहे. बागेतली लाल-पिवळी घसरगुंडी बहुतेक वेळा काचेच्या धाग्यांचीच असते. जुनी घसरगुंडी शोधा आणि वरच्या टोकाची कड निरखा, सगळ्यांचे हात घासून घासून रंग उडालेला असतो तिथली. रंगाखाली पिवळट, खडबडीत भाग दिसेल आणि त्यात आडवे-उभे पांढुरके धागे, काही तर केसाळ लवेसारखे वर आलेले. गोठ्यावरच्या जुन्या फायबरच्या पत्र्यावरही हेच दिसतं. उन्हाने आणि ओलीने वरची राळ झिजली, धागे उरले. बघायचं, बोट फिरवायचं नाही. ते काचेचे आहेत, चामडीत शिरतात आणि दिवसभर खाज सुटते. जुन्या घसरगुंडीवरून उतरल्यावर मांड्या का खाजतात, ते आता समजलं ना?

जाता जाता एक खबरदारी. दुकानदार ज्याला 'फायबर बॉडीचा कूलर' म्हणतात, त्यातले कित्येक साध्या प्लास्टिकचे असतात. मोडलेली कड पाहायची. धागे दिसले तर कॉम्पोझिट, नाहीतर नुसतं नाव.

जळगावकर आता म्हणतील, सगळं धुळ्याचंच सांगताय, आमचं काय? तुमची केळी आहे की! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावल भागात घड उतरवला की मागे उरतो तो खांब. तो खांब म्हणजे एकात एक गुंडाळलेली सोपटं आणि सोपटांत लांबच लांब चिवट धागे. हे धागे काचेऐवजी राळेत घालता येतील का, यावर बरेच संशोधक काम करतात. धागा हलका, स्वस्त, दरवर्षी नवा उगवणारा, आणि खाज नाही. अडचण एकच, पण मोठी. काच पाणी पीत नाही आणि केळीचा धागा पाण्यासाठी वखवखलेला. तो सेल्युलोजचा असतो. हवेतली ओल धरून फुगतो, वाळला की आकसतो आणि प्रत्येक वेळी राळेपासून थोडा थोडा सुटत जातो. मग त्याला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात, वर लेप देतात. तरी त्याचं पवनचक्कीचं पातं होणार नाही. गाडीच्या दाराच्या आतलं पॅनल, घरातली फळी, असल्या कोरड्या जागी तो शोभतो.

पातं वीस वर्षं टिकेल की नाही, हे कळायला वीस वर्षं थांबायला कुणाला सवड आहे? म्हणून प्रयोगशाळेत घाई करतात. नमुन्याचे छोटे तुकडे एका पेटीत ठेवायचे, आत ७० अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रता. ठरावीक दिवसांनी तुकडा बाहेर काढायचा, पुसायचा, अगदी नाजूक तराजूवर तोलायचा, परत आत. वजन वाढायचं थांबलं की तो पोटभर पाणी प्यालेला आहे, हे समजतं. मग त्याला ओढून, वाकवून मोडायचं आणि कोरड्या तुकड्याशी ताडून पाहायचं. बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचं जवळजवळ निम्मं वजन कॉम्पोझिटचं आहे, तिथे काचेऐवजी मुख्यतः कार्बनचे धागे असतात. अशा विमानाचा हिशेब मांडताना कोरड्या तुकड्याची ताकद धरत नाहीत. गरम आणि ओल्या तुकड्यात जी उरते, ती धरतात. मात्र घाईला मर्यादा आहे. पेटी फारच तापवली, तर माळावर कधीच घडणार नाही असं काहीतरी आत घडून बसतं आणि अंदाज फसतो.

आता तुमची पाळी. काड्यापेटीचे चार रिकामे खण घ्या. एकात नुसती मळलेली माती भरा, उरलेल्या तिघांत काडाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मिसळलेली. आठवडाभर सावलीत वाळू द्या, खण काढून टाका आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चारही विटा तोलून वहीत मांडा. मग रोज नुसत्या मातीच्या विटेवर आणि काडाच्या पहिल्या दोन विटांवर सारख्याच चमच्यांनी पाणी शिंपडा. नुसत्या मातीची आणि काडाची एक अशा दोन विटा उन्हात वाळवा, काडाची दुसरी सावलीत. काडाची तिसरी कोरडीच ठेवायची, पण ती उन्हात. रोज संध्याकाळी वजन. पंधरा दिवसांनी प्रत्येक वीट दोन पुस्तकांच्या मध्ये आडवी टेकवा आणि तिच्यावर एकेक रुपयाची नाणी रचत जा, मोडेपर्यंत. वजन पहिल्याइतकंच असूनही कमी नाण्यांत मोडली, अशी वीट सापडते का ते बघा. फोटो पाठवले नाहीत तरी चालेल, वहीतले आकडे मात्र नक्की पाठवा.